अर्ध्यावर उठणारा माणूस

एस.टी.नं शिरूरचा स्टँड सोडला आणि अब्राहाम मास्तरांनी दोन दिवस पोटात ठेवलेली गोष्ट बायकोला सांगून टाकली.

"हे कीर्तन शेवटचं. यंदा दौंडला जॉर्जच्या कानावर घालतो. पुढल्या वर्षी त्यांनी दुसरा कुणी कीर्तनकार बघावा."

हन्नाबाईंनी मांडीवरची पिशवी सारखी केली. आत मास्तरांचे टाळ होते आणि वर गुंडाळलेलं धुवट उपरणं. चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा कुठला शब्द रागाचा आणि कुठला थकव्याचा, हे त्यांना आवाजावरून कळायचं. हा थकव्याचा होता, म्हणून त्या वाद घालायला गेल्या नाहीत.

"सांगा," त्या म्हणाल्या, "पण कीर्तन झाल्यावर. आधी सांगितलंत तर सणाच्या दिवशी त्या माणसाला जेवण गोड लागायचं नाही."

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. ज्वारी काढून झाली होती. रानं मोकळी पडली होती, कुठं कुठं कडब्याच्या पेंढ्या उभ्या होत्या. एकेकाळी असल्या रस्त्यानं पायी जाताना त्यांना पदं सुचायची. मिशनच्या शाळेत मास्तरकी करताना सकाळी फळा पुसता पुसता ओवी जुळायची आणि दुपारी मुलं पाढे म्हणत असताना त्यांच्याच तालावर साकीची चाल बसायची. तेव्हा वाटायचं, एकदा पेन्शन झाली की दिवसभर वेळच वेळ, मग काय, आख्यानांची रास घालू.

पेन्शन होऊन तीन वर्षं झाली. रोज पहाटे उठून, तोंड धुऊन, प्रार्थना करून मास्तर वही उघडून बसायचे. हन्नाबाई भांडंसुद्धा वाजू द्यायच्या नाहीत. पाणी आणायला मास्तरांना कधी सांगायच्या नाहीत. आणि एवढ्या जपणुकीत वहीवर उतरलं काय, तर तारखा. तीन वर्षांत एक ओळ नाही. देवानं आपल्यावरचा हात काढून घेतला, असं मास्तरांना वाटायला लागलं होतं. ते कुणाला बोलून दाखवत नव्हते, पण प्रार्थनेला गुडघे टेकले की पहिलं तेच तोंडाशी यायचं.

दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या ख्रिस्ती देवळात हंगामाच्या सणाला ते सात वर्षं कीर्तन करत होते आणि सातही वर्षं एकच आख्यान. सर्जा नावाड्याचं. तरुणपणी घोडनदीच्या पुरात त्यांनी एका कोळ्याला नाव घालताना पाहिलं होतं, त्यावरून त्यांनी ते रचलेलं. नदीला लोंढा आलाय, पलीकडच्या काठावर परक्या गावची माणसं अडकलीत, बायको नको नको म्हणत असताना सर्जा नाव घालतो, माणसं भरून घेतो, आणि परतताना मधल्या धारेत त्याचं वल्हं मोडतं. तिथून पुढं आभाळ फाटून उजेड उतरतो, प्रभू पाण्यावरून चालत येतो, माणसं काठाला लागतात आणि सर्जाला प्रभू हाताला धरून वर नेतो. ह्या शेवटावर बायका पदर डोळ्यांना लावायच्या. पण आता पुढं बसलेली पोरं मास्तरांच्या आधीच ओळ पुरी करायची. आणि एक माणूस उठून जायचा.

हा माणूस मास्तरांच्या मनात सलत होता. उंच, खाकी कपड्यातला, दाराशी बसणारा. वल्हं मोडलं रे मोडलं की तो उठायचा, चपला पायात सरकवायचा आणि चालता व्हायचा. एका वर्षी नाही, दर वर्षी, त्याच जागी. त्याच्यामागं आणखी दोघंतिघं उठायचे. कीर्तनकार डोळे मिटून गात असला तरी कोण उठलं हे त्याला दिसतंच. ह्याला पुढचं ऐकवत नाही, असंच मास्तरांनी धरून ठेवलं होतं. विचारायची मात्र लाज वाटली.

दौंडला पोचले तेव्हा दहा वाजले होते. जॉर्जच्या क्वार्टरमध्ये सणाची गडबड होती. जॉर्ज रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे रूळ बदलणारा. देवळात पेटी तोच वाजवायचा आणि मास्तरांना कीर्तनाला बोलवायचाही तोच. त्याची बायको दबोरा अंगणात चूल मांडून बसली होती. हंगामाच्या सणाला शेतकरी देवाला वाहायला कणसं आणतात, धान्य आणतात. रेल्वेवाल्यांना कुठली शेतं? पण म्हणून कुणी रिकाम्या हातानं येत नव्हतं. क्वार्टरमागच्या परसातली चार वांगी, एक भोपळा, लोणच्याची बरणी, कुणाची अंडी, असं ओट्यावर जमत होतं.

"सलाम मास्तर! ह्यांची दोनपर्यंत ड्यूटी हाय," दबोरा म्हणाली. "तुम्ही पडा जरा खोलीत."

मास्तर पडले. मग उठले. मग खोलीत येरझारा घालायला लागले. पातेली घेऊन जाताना दबोरा त्यांच्या पायाशी दोनदा अडखळली.

"अहो," हन्नाबाई म्हणाल्या, "जरा फिरून या बघू. तुमच्यामुळं तिला चालता येईना."

बाहेर पडल्यावर मास्तरांची पावलं आपोआप स्टेशनकडं वळली. बायकोनं नंतर सांगा म्हटलं होतं खरं, पण मनावरचं ओझं संध्याकाळपर्यंत वागवायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. जॉर्जला आत्ताच गाठावं, सांगून मोकळं व्हावं.

जॉर्ज काही भेटला नाही. तो तिकडं पार सोलापूरच्या बाजूला पॉइंटावर गेलाय, असं एका हमालानं सांगितलं. मास्तर परत फिरले, तर फलाटाच्या टोकाला एका बुटक्या, काळवंडलेल्या खोलीच्या दारात तोच माणूस बसलेला. तोच उंच, खाकी कपड्यातला. पुढ्यात वीसपंचवीस दिवे मांडलेले, पलीकडं रॉकेलचा डबा. तो एकेक काच उचलून आत फुंकर मारत होता आणि फडक्यानं पुसत होता.

त्यानंच आधी ओळखलं. गडबडीनं उठला.

"सलाम मास्तर! आज आलात व्हय? या, या. मी सुभान. लॅम्पमन हाय हितं. सिग्नलचे दिवे माझ्याकडं."

मास्तर उभेच राहिले. सात वर्षांचा सल एकदम ओठावर आला.

"सुभानभाई, एक विचारू? तुम्ही माझं कीर्तन अर्ध्यावर सोडून का उठता?"

सुभाननं हातातली काच खाली ठेवली. त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

"तुमाला दिसतं ते?"

"दिसतं."

"या खुदा. मी तर दाराशी बसतो, कुनाच्या नदरंला येऊ नये म्हनून." त्यानं मान खाली घातली. "मास्तर, दिवस मावळायच्या आत दिवे चढवावे लागत्यात. हितनं आउटर सिग्नल लांब. चालत जायाचं, शिडी चढायची, दिवा ठेवायचा, उतरायचं, फुडल्याला जायाचं. नावाड्याचं वल्हं मोडतं तवा बरोबर माझी येळ हुती. पाय निघत न्हाई, पन गाडी थांबंल का माझ्यासाठी?"

"आणि तुमच्यामागून उठतात ते?"

"ते शेडवाले. इंजनाच्या शेडात त्यांची पाळी लागती. एकटं उठाया त्यांना लाज वाटती, म्हनून माझ्यावर डोळा ठेवून बसत्यात. मी उठलो की ते उठत्यात."

मास्तर दाराच्या उंबऱ्यावर मटकन बसले. पाय दुखत होतेच. हसावं की काय करावं, ते त्यांना समजेना. सात वर्षं ज्याला आपण नावं ठेवली, त्याचा गुन्हा काय, तर सूर्य मावळतो हा.

"म्हणजे तुम्हाला शेवट ठाऊकच नाही?"

"तुमचा न्हाई ठावा," सुभान म्हणाला. "माझे हायती."

"तुमचे?"

सुभान लाजला. एवढा उंच माणूस, पण लाजला की खांदे आत घ्यायचा. "ही एक काच घ्या मास्तर, पुसा. दोन काचा पुसंपर्यंत सांगतो. फकस्त हसायचं न्हाई."

मास्तरांनी फडकं घेतलं. काचेला आतून काजळी धरली होती. दोन बोटांवर फडकं गुंडाळून आत फिरवायचं, असं सुभाननं दाखवलं.

"पयल्या साली मी उठलो तवा मनात तेच. वल्हं तर मोडलं, आता? शिडीवर चढताना बी तेच. आन् त्या दिवशी माझा दिवा पाठीला बांधायचा दोर तुटला. मी डोक्याचा पटका काढला, त्यानं दिवा बांधला आन् वर नेला. तवा म्हनलं, अरं, सुटलं की! नावंतल्या सगळ्यांनी पटकं सोडलं, एकाला एक गाठी मारल्या, काठावरच्या झाडाला टाकलं. झालं. माणसं निघाली."

मास्तर काच पुसत होते.

"दुसऱ्या साली एक म्हस आली रुळावर. मेल अर्धा तास उभी. मग त्या साली नावाड्यानं म्हशीचं शेपूट धरलं आन् पोहत काठ गाठला. तिसऱ्या साली..." सुभान थांबला. "तिसऱ्या साली लालबी, माझी बायको, दवाखान्यात हुती. तवा नावाड्याची बायको काठावर हुबी ऱ्हाऊन हाका मारायची. अंधार पडलेला, त्याला कायबी दिसंना. नुसत्या हाकंच्या रोखानं त्यानं हातानं पानी मागं सारलं. त्यो शेवट मी लालबीला सांगितला खाटंजवळ बसून. ती म्हनली, येवढ्या लांबनं ऐकू जातं व्हय?"

"मग?"

"मग आली घरी. अजून भांडती ना." सुभान हसला. "एका साली मातर कायच सुचलं न्हाई. ताप भरला हुता मला. वर्षभर तुमचा नावाडी मधल्या धारंत तसाच. मला लई वंगाळ वाटायचं, मास्तर. जेवताना आठवायचा. म्हनायचो, ह्यो बिचारा तिकडं भिजतोय आन् आपन कालवन वरपतोय."

आता मात्र मास्तर हसले. खूप दिवसांनी पोटातून हसू आलं, आणि त्यामागून खोकला आला. सुभाननं माठातलं पाणी दिलं.

"तुमचा काय शेवट हाय मास्तर? आज सांगाच."

मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं. आभाळ फाटतं, उजेड उतरतो... शब्द पाठच होते. पण ह्या खोलीत, रॉकेलच्या वासात, ते शब्द जिभेवर येईनात. त्यांना एकदम कळलं, की ह्या माणसानं सात वर्षं सर्जाला जेवताखाता सोबत ठेवलं. आणि आपण त्याला एकदा स्वर्गात पोचवून टाकलं आणि विसरलो. त्या खऱ्या कोळ्याचं, घोडनदीवरच्या, पुढं काय झालं होतं? मास्तरांना आठवलं. काही झालं नव्हतं. माणसं उतरली आणि तो नावेतलं पाणी उपसायला बसला. पाठीवर चिखल होता. एवढं आठवलं आणि लाज वाटली, की ते आपण तेव्हाच गाळून टाकलं, साधं वाटलं म्हणून.

"नंतर सांगतो," ते म्हणाले, आणि दुसरी काच उचलली. मग तिसरी. वाती कातरायची कात्री सुभाननं काही त्यांच्या हाती दिली नाही. "वाकडी कातरली तर काजळी धरती, मास्तर. ते माझं मला करू द्या." सात काचा झाल्या तेव्हा मास्तरांच्या ओठांत काहीतरी पुटपुट चालली होती. सुभाननं ती ऐकली, पण विचारलं नाही. जॉर्जला शोधायला आपण आलो होतो, हे मास्तर विसरले ते विसरलेच.

चार वाजता देवळात माणसं दाटली. मास्तर उभे राहिले तेव्हा गुडघ्यातून कळ गेली. आवाज पहिल्या पदालाच बसका लागला. निरूपण त्यांनी आटोपतंच घेतलं आणि आख्यानाला हात घातला. पुराचं पद झालं. पुढची पोरं आधीच ओळी म्हणत होती. मास्तरांनी त्यांना म्हणू दिलं, तेवढाच घशाला आराम. दाराशी सुभान बसला होता. दुपारपासून जे ओठांत घोळत होतं ते धड जुळलेलं नव्हतं. दोन ओव्या होत्या, पुढं मोकळं रान. जुना शेवट हाताशी होता, पाठ होता, बायकांना आवडणारा होता. आणि शेवटच्या कीर्तनात कशाला हा उद्योग, असंही एक मन म्हणत होतं.

वल्हं मोडलं. सुभान उठला.

मास्तरांनी टाळ थांबवले. "या सुभानभाई," ते दाराकडं बघून म्हणाले, "तुम्ही दिवे लावा. नावाड्याकडं आम्ही बघतो."

सगळं देऊळ वळून बघायला लागलं. सुभान कानापर्यंत लाल झाला, एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन बाहेर पळाला. हशा पिकला. शेडवाले तिघं उठले, तर मास्तर त्यांनाही म्हणाले, "जा रे बाबांनो, राजरोस जा."

हशा ओसरला. जॉर्जनं पेटीवर उजेडाच्या पदाचे सूर धरले, सात वर्षं धरायचा तसे. मास्तरांनी मान हलवली. जॉर्जला वाटलं पट्टी चुकली. त्यानं वरची धरली. मास्तरांनी पुन्हा मान हलवली आणि हातानंच थांब म्हटलं.

तेवढ्यात मास्तरांनी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, प्रभू, तुझं येणं मी खोडून टाकत नाही. फक्त तू आज कुठून येतोस ते मला बघू दे.

मग ते गाईनातच, बोलायला लागले. "वल्हं तर गेलं. नावेत होते बारा जण. कुणी म्हणालं, मेलो. एक म्हातारी होती, तिच्यापाशी पितळी परात होती. तिनं परात पाण्यात घातली आणि वल्हवायला लागली. तिचं बघून दुसऱ्यानं हात घातला. मग तिसऱ्यानं. दोन्ही बाजूंनी हात पाण्यात. सर्जानं मोजले. बारा माणसांचे चोवीस हात व्हायचे आणि त्याचे दोन. पण त्याला वाटलं, हात जास्ती आहेत. पुन्हा मोजले. जास्तीच. कुणाचे ते त्याला कळलं नाही, आणि मोजत बसायला सवडही नव्हती."

कुठंतरी मागं एक बाई "हां" म्हणाली.

"नाव काठाला लागली, चांगली अर्धा कोस खाली. माणसं उतरली. घाईत होती, कुणी मागं वळून बघितलं नाही. मग सर्जानं काय केलं?" मास्तरांनी टाळ धरले. आवाज फाटलेला होता, पण सूर होता.

*नाव लागली काठाला, दोर खुंट्याला बांधला,*
*पाणी उपसाया बसला, नावधनी.*

*चूल ओली धुमसली, भाकर एक भाजली,*
*दोघांमधी मोडली, मिठासंगं.*

एवढंच होतं. पुढं नव्हतं. मास्तरांनी त्याच दोन ओव्या पुन्हा म्हटल्या, मग पुन्हा. तिसऱ्यांदा जॉर्जला चाल सापडली आणि पेटी मागून आली. पोरांना पुढची ओळ ठाऊक नव्हती, ती तोंडाकडं बघत बसली होती. चौथ्यांदा बायकांनी उचलली. पहाटे जात्यावर म्हणायची जशी असते तशीच चाल होती, त्यांना शिकवावी लागली नाही. गाता गाता मास्तर घामानं निथळले. अंगात बळ आलं वगैरे काही नाही, ते तसेच दमलेले होते. पण सर्जाही दमलेला होता, आणि दोघं मिळून गात होते, असं त्यांना वाटलं. आशीर्वाद म्हणून त्यांनी कीर्तन संपवलं आणि खांबाला टेकून खाली बसले.

लोक पांगायला लागले. जॉर्ज पेटीचा भाता बांधत होता. हन्नाबाई टाळ पिशवीत घालत होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडं आणि एकदा जॉर्जकडं बघितलं. सांगायचं ते आता सांगणार, म्हणून त्या थांबल्या.

पण त्याआधी काठी टेकत झुंबरबाई आल्या. कॉलनीतल्या सगळ्यांत जुन्या. मास्तरांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि चेहरा रागावलेला.

"मास्तर, यंदा नावाडी सर्गात गेला न्हाई?"

"नाही गेला, झुंबरबाई."

"का बरं?"

"दमला होता. घरी गेला."

"घरी गेला म्हनं!" झुंबरबाईंनी काठी आपटली. "ते भाकरीचं ग्वाड हाय, न्हाई कोन म्हनतंय. माझा दादला आसाच मोडायचा, मोठा तुकडा मला द्यायचा. पन मी वर्षाचं रडू साठवून आनते. आभाळ फाटलं की मी रडते. आता ह्या रडन्याचं मी काय करू?"

"पुढल्या वर्षी नेतो त्याला," मास्तर म्हणाले. "पुढल्या वर्षी नक्की स्वर्गात नेतो."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. हन्नाबाईंचा पिशवीतला हात तिथंच थांबला होता. जॉर्ज आपला भात्याचा पट्टा आवळत होता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मास्तरांनी शब्द मागं घेतला नाही.

"नेतो म्हनता खरं," झुंबरबाई म्हणाल्या, "पन मी पंच्याऐंशीची हाय. जरा लवकर आटपा."

"मग नाताळात येतो," मास्तर म्हणाले.